मोठाई, तुझं सीतादही

मोठाई,

तुला जाऊन आज एकोणीस दिवस झाले. कशानं गेलीस, किती वाजता, शेवटचं काय खाल्लंस, हे बाबांनी फोनवर इतक्या जणांना सांगितलं की आता त्यांची वाक्यंसुद्धा ठरून गेली आहेत. ती मी इथे लिहीत नाही. तुला ती माहीत आहेत, आणि ज्यांना माहीत नाहीत त्यांचं त्यावाचून काही अडलेलं नाही.

मी रडले नाही. गावातल्या बायकांच्या ते लक्षात आलं. शेजारची काकू मला ऐकू येईल अशा बेतानंच दुसरीला म्हणाली, "शिकल्या पोरी रडत नाईत वं, मोबाईलात पाहतात." मी खरंच मोबाईलमध्ये पाहत होते. ऑफिसला रजेचा निरोप पाठवायचा होता. तू असतीस तर काकूला काहीतरी बोलली असतीस, आणि काकू हसली असती. मला तसं जमत नाही, म्हणून मी चहाचे कप उचलून आत गेले.

तुला मी कधी पत्र लिहिलं नाही. लिहिलं असतं तर तू ते कोणाकडून तरी वाचून घेतलं असतंस, आणि माझं बोलणं तिसऱ्याच्या तोंडून तुझ्यापर्यंत जाणार या कल्पनेनंच मी ते फाडून टाकलं असतं. आपला भाग तेलंगणात, त्यामुळे शाळेत मला मराठी कधीच नव्हतं. तेलुगू, हिंदी, इंग्रजी. मराठी अक्षरं मी बाबांच्या किराणा दुकानात, पुड्या बांधायला आणलेल्या नागपूरच्या पेपरांवरून शिकले. त्यामुळे माझं मराठी थोडं पेपरासारखं आहे, असं तूच म्हणायचीस. चालवून घे.

नात्यानं तू बाबांच्या मोठ्या भावाची बायको. मोठे बाबा मी जन्मायच्या आधीच गेले. मी दोन वर्षांची असताना मला भाऊ झाला, आईची तब्येत बिघडली, आदिलाबादचं दुकान आणि दोन लेकरं तिला झेपेनात, म्हणून मला चार महिन्यांसाठी तुझ्याकडे गावी ठेवलं. ते चार महिने आठ वर्षं चालले. तुला स्वतःचं मूल नव्हतं, हे मला बाहेरच्या माणसांकडून कळलं. तुझ्या घरात राहताना ते कळायचं काही कारणच पडलं नाही.

त्या आठ वर्षांतलं मला जे आठवतं ते फार मोठं नाही. वेचून आणलेला कापूस विकेपर्यंत मधल्या खोलीत भरून ठेवायचो, तो थेट आढ्यापर्यंत जायचा. दुपारी मी त्यात शिरून झोपायचे. आत उबदार असे, आणि अंगाला खाज सुटे. उठवायला आलीस की माझ्या केसांतला कापूस वेचत म्हणायचीस, "म्हातारी झाली वं माही पोरगी एका दुपारात." हा विनोद तू किती वेळा केलास याचा हिशेब नाही. मी प्रत्येक वेळी हसायचे.

शाळेची पिवळी व्हॅन फाट्यावर यायची. परत येताना तू तिथे उभी असायचीस. आज काय शिकवलं, हे तू कधी विचारलं नाहीस. कोणाजवळ बसलीस आणि डब्यातलं कोणाला दिलंस, एवढंच विचारायचीस. मी एका शब्दात उत्तर द्यायचे आणि उरलेली वाट तू बोलायचीस. कोणाची गाय व्याली, कोणत्या तासातली, म्हणजे ओळीतली, तूर वाळली, पैनगंगेला किती पाणी आहे. एकदा मी विचारलं होतं, तू एवढं का बोलतेस. तू म्हणालीस, "दोघींमधून एकीनं तं बोललं पायजे. नाई तं लोकं म्हणतीन भांडून राह्यल्या."

आणखी एक. पाहुणे आले की इंग्रजी शाळेतल्या पोरीला कविता म्हणायला सांगायचे. माझे कान गरम व्हायचे, पायाची बोटं जमिनीत रुतायची. तू चुलीपुढून, मान न वळवता म्हणायचीस, "जाय वं पोरी, गोवऱ्या आण." मी परसात जाऊन गोवऱ्यांच्या ढिगाजवळ बसून राहायचे. पाहुणे उठेपर्यंत तू हाक मारायची नाहीस. चुलीजवळ गोवऱ्या आधीच भरपूर रचलेल्या असायच्या, हे माझ्या लक्षात यायला बरीच वर्षं लागली.

म्हणूनच ते एक मला कधी उलगडलं नाही. मला लोकांच्या नजरेतून सोडवणारी तू, वर्षातून एका सकाळी मलाच सगळ्यांसमोर उभी करायचीस.

सीतादही हा शब्द माझ्या हैदराबादच्या ऑफिसात एकालाही माहीत नाही. कापसाची पहिली वेचणी सुरू करण्याआधी आपल्याकडे शेतात करतात ते. उगवतीच्या बाजूचं, बोंडं चांगली फुटलेलं एक झाड निवडायचं. त्याच्या बुडाशी पाच खडे मांडून हळदकुंकू लावायचं, पळसाच्या पानावर दहीभात ठेवायचा. मग वाटीतलं दही बोटांनी शिंपडत झाडाभोवती पाच फेरे घ्यायचे. झाड सारखं उजव्या हाताला हवं. शेवटी त्याच झाडाचा मूठभर कापूस वेचून ओटीत, म्हणजे कमरेला बांधलेल्या फडक्यात घालायचा. तोवर वेचणाऱ्या बायकांनी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, थांबायचं. शेत दह्यासारखं पांढरं व्हावं म्हणून हे सगळं.

करणारी घरातली सवाशीण लागते, नाहीतर कुवारी मुलगी. दिवाळीच्या तोंडावर दुकानात गर्दी असायची, आईला ते सोडून येता येत नसे. म्हणून मी सहा वर्षांची झाले त्या वर्षी तू मला पहाटे न्हाऊ घातलंस, केस ओले मोकळे सोडलेस, आणि अनवाणी शेतात नेलंस. वाटी माझ्या हातात देऊन तू मागे फिरलीस आणि धुऱ्यावर बायकांबरोबर उभी राहिलीस. शेत तुझं होतं. सरकी तू टोबली होतीस, निंदण तू केलं होतंस, फवाऱ्याचा पंप पाठीवर घेऊन तू फिरली होतीस. त्या एका सकाळी तुझी हद्द धुऱ्यापर्यंत. मला त्यात काही वेगळं दिसलं नाही. मला एवढंच दिसलं की आज मी महत्त्वाची आहे आणि सगळे माझ्याकडे पाहत आहेत, आणि त्यातलं दुसरं मला अजिबात नको होतं.

त्या पहिल्या वर्षी मी उलटे फेरे घेतले. शाळेत रोज सकाळच्या कवायतीत लेफ्ट-राइट पायांत बसलं होतं, पण डावं-उजवं मला थांबून आठवावं लागायचं, आणि थांबायची सोय नव्हती. धुऱ्यावरून तू ओरडत होतीस, "उजवं वं पोरी, झाड उजव्या हाताले." मी घाबरून आणखी भरभर फिरले. पाचही फेरे उलटे झाले. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. तू म्हणालीस, झालं, चला, आणि सगळ्या तासांत उतरल्या.

त्याच वर्षी बोंडअळी आली. बोंड फोडलं की आत गुलाबी अळी आणि पिवळा, चिकटलेला कापूस. हातपंपावर एका बाईनं तुला ऐकवलं की पोरीनं उलटे फेरे घेतले, मग दुसरं काय होणार. मी तुझ्या पदराला धरून उभी होते. तू हंडा भरायचा थांबवला नाहीस. "अळी काय फेरे मोजून आली का वं?" तू म्हणालीस. "नदीपल्याड तं सवाशिणींनी सुलटे घेतले. थेथं काऊन आली मंग?" मी तेव्हा सहा वर्षांची होते, पण कोणीतरी माझ्यासाठी भांडलं हे मला कळलं. अशा गोष्टी कळायला वय लागत नाही.

पुढच्या वर्षी तू आधीच तयारी केलीस. अंगणात टोपलं पालथं घातलंस आणि मला त्याच्याभोवती फिरवायला लागलीस. मग माझा उजवा हात धरून विचारलंस, "याले तुह्या शाळेत काय म्हणतात?" मी म्हटलं, राइट. "मंग राइट," तू म्हणालीस. त्या वर्षी धुऱ्यावरून तुझा आवाज आला, "राइट, राइट, झाड राइटले ठेव." वेचायला आलेल्या बायका हसून हसून वाकल्या. पोशव्वा तर खालीच बसली. पोशव्वा म्हणजे तुझ्या शेतात वर्षानुवर्षं वेचायला येणारी, तेलुगू घरातली, तुला अक्का म्हणणारी. पण माझे फेरे बरोबर पडले. तुला इंग्रजीतला एवढाच एक शब्द येत होता आणि तो तू वर्षातून एका सकाळी वापरायचीस.

मी दहा वर्षांची झाले आणि आईबाबांनी मला आदिलाबादला नेलं. सीतादह्यासाठी मात्र बाबा मला दरवर्षी मोटरसायकलवरून आणायचे.

आता ते सांगायला हवं.

मी चौदा वर्षांची होते. त्याच्या आदल्या वर्षी बाबांनी नवा फोन घेतला होता, आणि ओल्या केसांनी, अनवाणी, हातात वाटी घेतलेला माझा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला होता. तो कसा कोण जाणे फिरत फिरत माझ्या वर्गापर्यंत पोचला. वर्गात मला पेरुगु म्हणायला लागले. तेलुगूत दही. वर्षभर म्हणत होते. मी घरी कोणाला सांगितलं नाही, तुलाही नाही. तू असतीस फाट्यावर उभी, तर कदाचित सांगितलं असतं.

त्या सकाळी बाबांनी पुन्हा फोन बाहेर काढला. मी वाटी हातात घेऊन धुऱ्यावर उभी होते. सात बायका ओट्या बांधून तयार होत्या. मी म्हटलं, मी करणार नाही. तू विचारलंस, "काऊन?" आणि मी, जी कधी चार वाक्यं सलग बोलत नाही, सगळ्यांसमोर म्हणाले, "तूच कर ना. सगळं तुलाच तर येतं. मी नुसती फिरते, सांगतेस तूच. मग मी कशाला पाहिजे?"

पोशव्वानं बांधलेली ओटी सोडली आणि पुन्हा बांधली. बाबांनी फोन खिशात ठेवला.

विधवा बाईनं सीतादही करायचं नसतं, हे मला तेव्हा माहीत होतं की नव्हतं, हे मी आजही ठरवू शकलेले नाही. मला कोणी सांगितलं नव्हतं. पण संक्रांतीच्या वाणाला तू जात नसायचीस, हे मी पाहिलं होतं. लग्नघरी हळदीच्या वेळी तू नेमकी मागच्या अंगणात भांडी मोजत असायचीस, हेही पाहिलं होतं. मी पाहणारी मुलगी होते. तेव्हा माहीत नव्हतं असं म्हणणं सोपं आहे, पण खरं आहे की नाही ते मला सांगता येत नाही.

तू माझ्या हातातली वाटी घेतलीस. रागावली नाहीस. "जाय, सावलीत बैस," एवढंच म्हणालीस. मी सावलीतही बसले नाही. बाबांना म्हटलं, मला घरी सोडा. निघाल्यावर मी मागे वळून पाहिलं नाही. त्यामुळे त्या दिवशी पुढे काय झालं ते मला कळलंच नाही.

त्यानंतर मी सीतादह्याला आले नाही. आधी दहावी होती, मग कॉलेज, मग हैदराबाद. दसरा झाला की तुझा फोन यायचा. बोंडं फुटून राहिली, कवा येतं? मी कारण सांगायचे. तू म्हणायचीस, दोन दिवस वेचणी थांबवली आहे तुझ्यासाठी. मी म्हणायचे, नको थांबवू. मग आठवड्यानं पुन्हा फोन. "झालं वं, तुह्या बिना झालं." मी विचारायचे, कोणी केलं? "झालं म्हणलं ना. तुले काऊन पायजे?"

मी समजून चालले होते की तू दरवर्षी कोणाच्या तरी सुनेला बोलावतेस. त्यासाठी चार घरं फिरतेस, आर्जवं करतेस, आणि मग धुऱ्यावर उभी राहून परक्या मुलीला सांगतेस. हे चित्र मी स्वतःच काढलं आणि दहा वर्षं जवळ ठेवलं. गेल्या वर्षी मी यायचं ठरवलंही होतं. तिकीट काढलं होतं. मग तुला फोन करून सांगितलं की गाडी चुकली. मोठाई, गाडी चुकली नव्हती. मी खोलीतच बसले होते. तिथे आले असते तर आधी तुझी माफी मागावी लागली असती, आणि ती कोणत्या शब्दांत मागतात ते मला माहीत नव्हतं. आपल्या घरात तो शब्द कोणी वापरत नसे. चुकलं की समोरच्याच्या ताटात तूप जास्त वाढायचे. मला वाढता येत नव्हतं आणि बोलताही येत नव्हतं. तू म्हणालीस, "असू दे. गाड्या काय, येतच रायतात."

ते आपलं सीतादह्याबद्दलचं शेवटचं बोलणं.

तुझं तेरावं झालं तेव्हा आपल्या शेतातला कापूस फुटून लोंबत होता. आजूबाजूच्यांची पहिली वेचणी उरकली होती. सुतक फिटलं होतं. बाबांनी मला विचारलं, तू करतेस का? नाहीतर आई करेल. पुन्हा म्हणाले, जबरदस्ती नाही. बाबा मला असं विचारतात तेव्हा ते माझ्याकडे पाहत नाहीत. मी म्हटलं, उद्या सांगते.

संध्याकाळी पोशव्वा ओट्या न्यायला आली. तू त्या धुऊन खुंटीला टांगून ठेवल्या होत्यास. ती ओसरीवर बसली आणि ओट्या घेऊन एकेकीची शिवण पाहू लागली. तिनंही तेच विचारलं, तू करतं का? आणि मी, कुणालाही जे सांगितलं नव्हतं ते तिला सांगितलं. म्हटलं, मला तोंड नाही. मी तसं बोलले म्हणून मोठाईला दरवर्षी दुसऱ्यांच्या सुनांपुढे हात पसरावे लागले.

पोशव्वानं मान वर केली. "कोनाच्या सुना?"

मी म्हटलं, ज्या करायच्या त्या.

"कोनी नाई करे," ती म्हणाली. "अक्काच करे."

मला वाटलं तिला माझं मराठी समजलं नाही. मी पुन्हा विचारलं. मग तिनं ओट्या बाजूला ठेवल्या आणि सांगितलं. "त्याच सालापासून. तू गेली फटफटीवर. अक्का वाटी घेऊन उभी. आमी सात जनी, कोनी बोलत नाई. मंग म्हणे, पोरीनं खरं सांगलं वं, सगळं तं मलेच येते. चप्पल काढली अन् गेली आत."

मी विचारलं, तुम्ही कोणी काही म्हटलं नाही?

"काय म्हनन? ऊन चढून राह्यलं होतं. आमाले कापूस वेचाचा होता."

एवढं सोपं. मग विचारलं, आणि पुढच्या वर्षी? पुढच्या वर्षीही अक्काच. दर वर्षी. दोन दिवस थांबायची का माझ्यासाठी? पोशव्वा हसली. बोंडं फुटली की दुसऱ्याच दिवशी, थांबते कुठली. सातजणींनी गावात कुठे तोंड उघडलं नाही. उघडण्यासारखं काही होतं असंही त्यांना वाटलेलं दिसलं नाही.

मी म्हटलं, मग मला का सांगितलं नाही तिनं? मला का बोलवत राहिली?

"तुले सांगलं असतं," पोशव्वा म्हणाली, "तं तू कायले आली असती?"

मी म्हटलं, मी तशीही आले नाही.

ती ओट्यांची घडी घालत बसली.

त्या रात्री मी नीट झोपले, हे तुला सांगायला हवं, कारण बाकी सगळ्यांना वाटतं मी झोपत नाही. पण सकाळी उठले ती तुझ्यावर चिडूनच. दहा वर्षं, मोठाई. दर वर्षी फोनवर तो पडलेला आवाज, तुह्या बिना झालं. तू मजेत फेरे घेऊन यायचीस, हातपाय धुवायचीस आणि मला फोन करून अपराधी वाटायला लावायचीस. हे भांडण मला तुझ्याशी करायचं होतं. मी ते चांगलं केलं असतं. मुद्दे होते माझ्याकडे. तू म्हणाली असतीस, "हाव, केलं. मंग?"

माझ्या बोलण्याचं तुला त्या सकाळी वाईट वाटलं की नाही, हे मला अजून माहीत नाही. वाटलं असणार. वाटूनही तू चप्पल काढलीस. मी रागानं टाकलेलं वाक्य तू उचलून पाहिलंस, ते खरं आहे का ते तपासलंस, आणि खरं निघालं तर तसं वागलीस. माझ्या ओळखीत बरीच शिकलेली माणसं आहेत. असं करताना मी त्यांतलं कोणी पाहिलेलं नाही. मी स्वतः तर नाहीच.

आणि तुला मी सीतादह्यासाठी नको होते, एवढंही कळलं. दहा वर्षं त्यासाठी कोणी नको होतं तुला. तू नुसती मला बोलवत होतीस. मी गोवऱ्या आणायच्या निमित्तानं परसात गेले होते आणि तू, पाहुणे केव्हाच उठून गेले तरी, हाका मारत होतीस.

हे सगळं लिहू का, असं मी पोशव्वाला विचारलं. ती म्हणाली, "लिव. अक्काले आता कोन काय म्हनते." बाबांना मी सांगितलेलं नाही. हे वाचतील तेव्हा कळेल.

परवा सीतादही झालं.

पहाटे न्हाऊन मी ओल्या केसांनी निघाले. चप्पल घरीच ठेवली. माती गार होती आणि माझे पाय आता मऊ झाले आहेत, त्यामुळे मी हळू चालत होते. धुऱ्यावर आई होती, बाबा होते, बायका होत्या. पोशव्वा सोडली तर जुन्यांतल्या दोघीच, बाकी नव्या पोरी, काही तर माझ्याहून लहान. बाबांचे दोन्ही हात पाठीमागे होते. फोन कुठे होता माहीत नाही.

झाड पोशव्वानं दाखवलं. मी पाच खडे मांडले, हळदकुंकू लावलं, पान ठेवलं. यातलं काही मी विसरले नव्हते. मग वाटी घेऊन उठले आणि थांबले.

झाड कोणत्या हाताला ठेवायचं ते मला नीट माहीत होतं. मी चोवीस वर्षांची आहे, मला डावं-उजवं समजतं. पण आजपर्यंत त्या क्षणी नेहमी धुऱ्यावरून आवाज आलेला आहे, आणि तो आल्यावरच माझा पाय उचललेला आहे. मी त्याची वाट पाहत होते. हे माझ्या लक्षात आलं तेव्हाही पाय उचलला नाही. मागे आईनं घसा साफ केला.

मग पोशव्वा म्हणाली, "राइट."

मी चालायला लागले. पहिल्या फेऱ्याला ती एकटीच म्हणत होती. दुसऱ्याला जुन्या दोघींनी धरलं. तिसऱ्याला त्या नव्या पोरींनीही, ज्यांनी मला सहा वर्षांची कधी पाहिलंच नव्हतं. मोठ्यानं नाही. आरतीला मागून हळू सूर धरतात तसं. राइट. राइट. कोणी हसत नव्हतं. मी त्यांच्याकडे पाहिलं तर एकीनं डोळे मिटलेले होते.

नंतर मी पोशव्वाला विचारलं, या सगळ्या असं का म्हणत होत्या. तिला प्रश्नच कळला नाही. म्हनाच लागते ते, ती म्हणाली. अक्का फिरता फिरता म्हणायची, दर फेऱ्याला, आपल्याशीच. त्या पोरींनी सीतादही तुझंच तेवढं पाहिलेलं. त्यांना ते तसंच असतं.

पाचव्या फेऱ्याला मीही म्हटलं. माझा आवाज मला जरा मोठा वाटला, पण थांबले नाही. झाडाचा मूठभर कापूस काढून ओटीत घातला आणि मागे वळून हात केला.

सगळ्या खाली तासांत उतरल्या. आईसुद्धा, मागून बाबाही. धुऱ्यावर कोणी राहिलं नाही.